मुक्त, पण पोलिसांच्या स्वाधीन

सतराव्या शतकात मोगलांचे आरमार सांभाळणारे जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकन. त्यांचा खर्च सुरतेच्या महसुलातून भागे. एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. इंग्रज युद्धनौकांनी गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेले आफ्रिकन मुंबईस उतरत, ते पोलिसांच्या स्वाधीन होत. कोणास कोणत्या कुटुंबात वा मिशनात ठेवावयाचे, हे सरकारी अधिकारी ठरवीत. नाशिकजवळील शरणपूरच्या आश्रयगृहात काहींना शिक्षण व हस्तव्यवसाय मिळाला. लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तेथील जेकब वेनराइट होता. हा उपकार खराच. परंतु बेडी तुटलेल्याने राहावे कोठे, हे इतरांनी ठरवावे, ही मुक्ती आम्हांस अपुरी वाटते. पुढे १८७५ च्या सुमारास शरणपूरच्या आफ्रिकनांना मोंबासाजवळील फ्रिअरटाउनला नेण्यात आले.