औषधाचा गांजा आणि सांभाळणारी माणसं

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया वर जातील. आपल्याकडे गांजा म्हटलं की चिलीम, साधू, नाहीतर पोलिसांची धाड डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र पन्नासपैकी तिसाहून अधिक राज्यांत डॉक्टरांच्या शिफारशीने रुग्णाला औषध म्हणून गांजा घेता येतो. पण तो रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर? त्याच्यासाठी गांजा आणायचा कोणी, रोप लावायचं कोणी, हातात द्यायचा कोणी? या माणसाला तिथले कायदे 'केअरगिव्हर' म्हणतात. आपण त्याला सांभाळणारा म्हणू.

हा विषय माझ्याकडे आला तो एका फोनमुळे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची बहीण मिशिगन राज्यात राहते. वय सत्तरीच्या पुढे, तिथली नागरिक होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना कॅन्सर झाला. केमोथेरपीनंतर घास पोटात टिकेना, तेव्हा डॉक्टरांनी गांजासाठी प्रमाणपत्र दिलं. या गृहस्थांचा मुलगा तिथेच नोकरी करतो आणि आत्याच्याच घरी राहतो. तिचं खाणंपिणं, दवाखाना, सगळं तो बघतो. तो ग्रीन कार्डवर आहे आणि नागरिकत्वाचा अर्ज करायच्या बेतात होता. त्याने वडिलांना विचारलं, "आत्याच्या अर्जावर सांभाळणारा म्हणून माझं नाव घालू का?" वडिलांनी मला विचारलं. माझी सारी वकिली इथल्या कोर्टांत गेली. त्यामुळे मी म्हटलं, "मुलाला सांगा, चार दिवस सही करू नकोस. मी वाचतो, मग बोलू." त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

या कायद्यांची सुरुवात झाली सॅन फ्रान्सिस्कोत, एड्सच्या साथीच्या काळात. तिथे मेरी जेन रॅथबन नावाच्या एक वयस्कर बाई होत्या. लोक त्यांना 'ब्राउनी मेरी' म्हणत. ब्राउनी म्हणजे चॉकलेटचा केकसारखा पदार्थ. त्यात गांजा घालून त्या घरी भाजत आणि एड्सच्या रुग्णांना फुकट वाटत. त्याने रुग्णांची मळमळ थांबे, भूक लागे. सरकारी इस्पितळाच्या एड्स विभागात त्या स्वयंसेविका म्हणून राबत. १९८१ मध्ये त्यांना पहिल्यांदा अटक झाली, १९९२ मध्ये पुन्हा झाली. त्याच १९९२ साली शहराच्या प्रतिनिधी सभेने ऑगस्टमधला एक दिवस त्यांच्या नावाने जाहीर केला. एकीकडे अटक, दुसरीकडे सत्कार! कायदा आणि लोकांची भावना यांच्यात केवढं अंतर पडलं होतं, ते यावरून दिसतं.

हे अंतर बुजवण्यासाठी ५ नोव्हेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव क्रमांक २१५ मंजूर केला. डॉक्टरांच्या शिफारशीने गांजा बाळगणाऱ्या आणि लावणाऱ्या रुग्णाला राज्याच्या फौजदारी कायद्यातून त्याने सूट दिली. तशीच सूट रुग्णाच्या 'प्रमुख सांभाळणाऱ्या'लाही दिली. हा सांभाळणारा कोण? रुग्णाने स्वतः नेमलेला आणि त्याच्या निवाऱ्याची, आरोग्याची किंवा सुरक्षिततेची जबाबदारी सातत्याने घेत आलेला माणूस. यातला 'सातत्याने' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळं भांडण याच शब्दावरून झालं.

काही लोकांनी काय केलं, की रुग्णांकडून चिठ्ठी लिहून घेतली, त्यांना गांजा पुरवला आणि "आम्ही सांभाळणारे" म्हणून सूट मागितली. असा एक खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 'पीपल विरुद्ध मेंच' या नावाने तो ओळखला जातो. आरोपी पाच रुग्णांना गांजा देत असे, कोणता वाण कशावर चांगला ते सांगत असे, अधूनमधून एखाद्याला गाडीतून डॉक्टरांकडेही नेत असे. न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की एवढ्याने कोणी सांभाळणारा होत नाही. त्या माणसाने रुग्णाची काळजी सातत्याने घेतलेली असली पाहिजे. ती काळजी गांजा देण्याहून वेगळी असली पाहिजे. आणि ती गांजा पुरवू लागण्याच्या आधीपासून, निदान त्याच वेळेपासून, चालू असली पाहिजे. थोडक्यात, आधी काळजी आणि मग गांजा. गांजा देतो म्हणून मी काळजी घेणारा, ही उलटी गंगा न्यायालयाने मान्य केली नाही.

कॅलिफोर्नियाने आणखीही काही नियम घातले. सांभाळणारा सहसा अठरा वर्षांवरचा हवा. आईवडील स्वतःच अठराच्या आतले असतील, तर आपल्या मुलापुरती त्यांना सवलत आहे. एकाहून जास्त रुग्ण असतील, तर ते सगळे सांभाळणाऱ्याच्याच शहरातले किंवा काउंटीतले हवेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. परवान्याशिवाय जास्तीत जास्त पाच रुग्णांसाठी हे काम करता येतं. खर्च आणि सेवेचा रास्त मोबदला घेता येतो, पण नफ्याचा धंदा करता येत नाही. पुढे २०१९ च्या एका कायद्याने शाळा मंडळांना मोकळीक मिळाली. मंडळाची तयारी असेल, तर पालक शाळेच्या आवारात येऊन आजारी मुलाला असं औषध देऊ शकतात. अट अशी, की ते ओढायचं किंवा वाफेने घ्यायचं नसावं. २०२१ च्या कायद्याने इस्पितळांना सांगितलं, की मरणासन्न रुग्णाला धूर न होणाऱ्या स्वरूपात ते घेऊ द्या.

आता आपल्या या मुलाच्या राज्याकडे, म्हणजे मिशिगनकडे येऊ. तिथे मतदारांनी २००८ मध्ये कायदा केला आणि वेगळी वाट धरली. कॅलिफोर्निया विचारतं, तुम्ही खरोखर सांभाळता का? मिशिगन विचारतं, तुमची नोंद आहे का? तिथला सांभाळणारा किमान एकवीस वर्षांचा असावा लागतो. त्याच्यावर अमली पदार्थांचा किंवा मारहाणीसारखा गंभीर गुन्हा कधीही सिद्ध झालेला नसावा. इतर कुठलाही गंभीर गुन्हा गेल्या दहा वर्षांत सिद्ध झालेला नसावा. एका रुग्णाला एकच सांभाळणारा आणि एका सांभाळणाऱ्याला फार तर पाच रुग्ण. दर रुग्णामागे बारा रोपं लावता येतात, तीही कुलूपबंद जागेत. तयार माल दर रुग्णामागे अडीच औंस, म्हणजे सुमारे सत्तर ग्रॅम. रुग्ण अठराच्या आतला असेल तर दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं लागतात आणि सांभाळणारा म्हणून आई, वडील किंवा कायदेशीर पालकच हवेत. आणि ही सूट फक्त आपल्या नोंदवलेल्या रुग्णांपुरती असते. शेजारच्या रुग्णाला दया म्हणून दिलेली पुडीही तिच्यात बसत नाही.

हे सगळं वाचून वाटेल, की मग अडचण कुठे आहे? मुलगा एकवीसच्या पुढचा, गुन्हा नाही, आत्याला तोच सांभाळतो. घालावं नाव. मलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं.

अडचण अशी, की हे सगळे राज्यांचे कायदे आहेत. त्यांच्या डोक्यावर केंद्राचा कायदा आहे. अमेरिकेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात घातलं. राज्याने सूट दिली म्हणून केंद्राच्या कायद्यातून सुटका होत नाही. यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आहे, 'गोन्झालेस विरुद्ध रायच'. त्यातल्या एक बाई इतक्या आजारी होत्या, की दोन सांभाळणारे त्यांच्यासाठी गांजा फुकट लावून देत. त्या दोघांनी खटल्यात खरी नावं दिली नव्हती, 'जॉन डो क्रमांक एक' आणि 'क्रमांक दोन' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या बाईंच्या घरी २००२ मध्ये केंद्राचे अधिकारी आले. स्थानिक पोलीस म्हणाले, राज्याच्या कायद्यात हे बसतं. तरीही तीन तासांच्या वादावादीनंतर बाईंची सहा रोपं उपटली गेली. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने केंद्राचा अधिकार मान्य केला.

यावर थोडा दिलासा मिळाला तो डिसेंबर २०१४ मध्ये. राज्यांच्या औषधी गांजाच्या कायद्यांत आडकाठी घालायला केंद्रीय न्याय खात्याने पैसा वापरू नये, अशी अट संसदेने खर्चाच्या विधेयकात घातली. २०१६ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने तिचा अर्थ लावला, की राज्याचे नियम जो काटेकोर पाळतो, त्यालाच हे संरक्षण मिळेल. म्हणजे बारांऐवजी तेरा रोपं झाली, तर ते एक रोपही महागात पडू शकतं. शिवाय ही अट फक्त खटल्यांपुरती आहे. परदेशी माणसाचं नागरिकत्व ठरवणारं खातं निराळं.

त्या मुलाचा प्रश्न नेमका इथे अडला. नागरिकत्वासाठी अर्जदाराला आपली वर्तणूक चांगली असल्याचं दाखवावं लागतं. एप्रिल २०१९ मध्ये केंद्राच्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं, की केंद्रीय कायद्याविरुद्ध गांजा बाळगणं, लावणं किंवा देणं हे राज्यात कायदेशीर असलं तरी त्या अर्जाच्या आड येऊ शकतं. तीस ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्याच्या एकट्या प्रसंगाला अपवाद आहे. रोपं लावण्याला आणि दुसऱ्याला देण्याला तो अपवाद नाही. सांभाळणाऱ्याचं काम तर तेच! त्यासाठी अटक किंवा शिक्षा झालेली असावी लागते असंही नाही, स्वतःची कबुली पुरते. गांजाला पहिल्या परिशिष्टातून खाली आणण्याची हालचाल अलीकडे झाली आहे. पण तिसऱ्या परिशिष्टातला पदार्थही 'नियंत्रित पदार्थ'च असतो, त्यामुळे तेवढ्याने हा धोका टळत नाही.

मी गृहस्थांना फोन करून सांगितलं, "मुलाला म्हणावं, नाव घालू नकोस. रोपं घरात नकोत, दुकानातून पुडी आणून देणंही नको. आणि अर्ज भरण्यापूर्वी तिथल्या स्थलांतराच्या वकिलाला भेट." गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आत्याला सांभाळणं गुन्हा?" मी म्हटलं, "नाही हो. पेज करून द्या, पाय चेपा, रात्री उठून पाणी द्या, दवाखान्यात न्या. त्याला कुठलंच सरकार हरकत घेत नाही. फक्त गांजाला त्याचा हात लागू नये."

शेवटी शेजारच्या एका निवृत्त नर्सबाईंनी सांभाळणारी म्हणून आपलं नाव दिलं. त्या तिथल्या जन्मजात नागरिक. औषध त्यांच्या घरी कुलपात राहतं, ठरल्या वेळी त्या येऊन देतात. बाकी सगळं भाचा करतो.

श्रोतेहो, आपली मुलं, भाचे, पुतणे आज परदेशात कोणा ना कोणाला सांभाळताहेत. आपणही चार-सहा महिन्यांसाठी जातो. तिथे अशा कागदावर सही करण्याची वेळ आली, तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. राज्य काय म्हणतं? केंद्र काय म्हणतं? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसरा प्रश्न सोडू नका. आणि परत येताना त्यातली एखादी गोळी किंवा बाटली बॅगेत टाकू नका. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सांभाळणाऱ्यासाठी अशी सूट नाही. तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी मुंबईच्या विमानतळावर तुम्हाला वाचवणार नाही.