टोमॅटो गोड झाला, पण वजन कुठे गेले?



मातीऐवजी कोकोपीटच्या पिशव्यांत टोमॅटो लावायचा विचार असेल, तर आधी विहिरीच्या पाण्यातले क्षार तपासून घ्या. पिशवीत मुळांना जागा थोडी. तिथे क्षार साचले, की झाडाला लगेच जाणवते.

क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणे जड जाते. पाणी कमी म्हणून फळ लहान राहते. रस मात्र दाट होतो, साखर आणि आंबटपणा वाढतो. म्हणजे चव सुधारते, पण काट्यावर वजन घटते. शिवाय फळात चुना कमी पोचून बुडाला काळा चट्टा पडतो. असे फळ बाजारात कोण घेणार?

जमिनीतल्या टोमॅटोचा हिशेब मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडला. मातीच्या अर्काचा ईसी २.५ पर्यंत असेल तर उत्पन्न घटत नाही. त्यापुढे दर एका अंकाला सुमारे १० टक्के घट येते. कोकोपीटला हा आकडा जसाच्या तसा लागू नाही, पण कल तोच.

आता हे बघा. विहिरीच्या पाण्याचा ईसी १.५ आहे. त्यात खतांचे २ मिळाले, की झाले ३.५. मग खत कमी करू म्हणाल, तर मीठ तसेच राहते आणि झाड उपाशी मरते. त्यापेक्षा असे करा :

१. पाणी प्रयोगशाळेत तपासा. सोडियम आणि क्लोराइडचे आकडे मागून घ्या.
२. पावसाचे पाणी साठवून विहिरीच्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळा. ईसी जवळजवळ अर्ध्यावर येतो.
३. नवे कोकोपीट गोड्या पाण्याने धुऊन घ्या. त्यातही मीठ असू शकते.
४. दिलेल्या पाण्यापैकी २० ते ३० टक्के खालून निथळू द्या. साचलेले क्षार त्याबरोबर निघून जातात.
५. दिलेले पाणी आणि निथळलेले पाणी, दोन्हींचा ईसी रोज वहीत लिहा. निथळाचा आकडा चढू लागला, की निचरा वाढवा.
६. उन्हाळ्यात झाड पाणी जास्त पिते, म्हणून द्रावण पातळ ठेवा आणि थोडे थोडे, पण वारंवार द्या.

गोड टोमॅटोला जादा भाव देणारे गिऱ्हाईक हाताशी असेल, तरच ईसी थोडा चढा ठेवा. माल किलोवर विकायचा असेल, तर मीठ आवरा. आधी पाणी तपासा, मगच पिशव्या मांडा.