वाचनपोच (ईमेल)

वाचनपोच म्हणजे प्राप्तकर्त्याने ईमेल उघडल्याची प्रेषकाकडे जाणारी सूचना. ‘रीड रिसीट’ या नावाने ती अधिक परिचित आहे. प्रेषक तिची मागणी करू शकतो. ती द्यावी की नाही, हे प्राप्तकर्ता ठरवतो. अनेक ईमेल प्रोग्राममध्ये ती कायमची बंद ठेवता येते. मात्र ती बंद केल्याने ईमेल मिळालाच नाही, असे कायद्याने ठरत नाही.

पार्श्वभूमी

पत्राची पोच देण्याची पद्धत जुनी आहे. साताऱ्याच्या छत्रपतींच्या आणि मिरज-सांगलीच्या पटवर्धनांच्या काळात आलेल्या पत्रावर ते हाती पडल्याची तारीख नोंदवली जाई. या नोंदीला ‘पैवस्तगी’ म्हणतात. पत्र पावले आणि मजकूर कळला, असे उत्तराच्या आरंभी लिहिण्याचा प्रघात होता. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत प्रसिद्ध केली.

आजही सरकारी कार्यालयात अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घेतात. अशी पोच कागद मिळाल्याचा पुरावा असते, वाचल्याचा नव्हे. ईमेलमध्येही पत्र पेटीत पोहोचल्याची सूचना आणि वाचनपोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कार्यपद्धती

पोच मागणाऱ्या ईमेलच्या शीर्षभागात ‘डिस्पोझिशन-नोटिफिकेशन-टू’ हे क्षेत्र असते व त्यात पोच पाठवण्याचा पत्ता असतो. प्राप्तकर्त्याचा प्रोग्राम ते ओळखून पोच पाठवतो, परवानगी विचारतो किंवा मागणीकडे दुर्लक्ष करतो. या पद्धतीचे मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. २००४ व २०१७ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पोच बनावट असू शकते, म्हणून तिला वाचनाची हमी मानू नये, असे हे मानकच बजावते. ईमेल उघडला म्हणजे तो वाचून समजला असेही नाही. तसेच पोच आली नाही म्हणजे तो वाचलाच नाही, असाही निष्कर्ष निघत नाही.

बंद करण्याची पद्धत

• आउटलुक (संगणकावरील पारंपरिक आवृत्ती): ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’ या क्रमाने जाऊन ‘ट्रॅकिंग’ विभागात पोच कधीही न पाठवण्याचा पर्याय निवडावा. प्रत्येक वेळी विचारण्याचा पर्यायही तेथेच असतो.
• थंडरबर्ड: ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ पानावर ‘रिटर्न रिसीट्स’ हे बटण असते. तेथे पोच पूर्णपणे बंद करता येते किंवा काही पत्रांपुरती मर्यादित ठेवता येते.
• जीमेल: वैयक्तिक खात्यात ही सोय नाही. कार्यालयाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या खात्यात ती द्यावी की नाही, हे तेथील व्यवस्थापक ठरवतो.

मर्यादा

काही जाहिरातदार ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म चित्र घालतात. ईमेल उघडताच ते चित्र प्रेषकाच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि उघडल्याची वेळ तेथे नोंदली जाते. वाचनपोच बंद केल्याने हा माग थांबत नाही. त्यासाठी बाहेरील चित्रे आपोआप न उघडण्याचा पर्याय निवडावा लागतो.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १२ नुसार, पोच विशिष्ट स्वरूपातच द्यावी असे ठरलेले नसेल, तर ती कोणत्याही संदेशाने किंवा प्राप्तकर्त्याच्या कृतीनेही दिली जाऊ शकते. पोच मिळाल्यावरच संदेश बंधनकारक होईल अशी अट प्रेषकाने घातली असेल, तर पोचेअभावी तो पाठवलाच नाही असे मानले जाते. कलम १३ नुसार, प्राप्तकर्त्याने ईमेलसाठी पत्ता नेमून दिला असेल आणि वेगळा करार नसेल, तर संदेश त्या ठिकाणी दाखल होताच तो मिळाला असे समजले जाते. तो उघडलाच पाहिजे अशी अट त्यात नाही. त्यामुळे नोटीस किंवा नेमणुकीचे पत्र आल्यास ‘आम्ही पोच दिली नव्हती’ एवढे म्हणणे पुरेसे ठरत नाही.

जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले. संदेश पोहोचला आणि जोडलेली फाइल उघडली गेली, हे चिन्हांवरून दिसत असल्याची नोंद त्यांनी केली. सातारा व सांगली हे जिल्हे याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात.