बाटलीवरचा आकडा आणि दोहाचा उन्हाळा

कतारमध्ये रिमोट कंट्रोलचा ट्रक मोकळेपणाने पळवायचा मोसम म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. सीलाइनची वाळू तेव्हा पायाला सुसह्य असते. तोच ट्रक जूनच्या संध्याकाळी बाहेर काढला, की बिघडल्यासारखा वागतो. उडी मारून उतरताना पोट जमिनीवर आपटते, वळणावर तो एका अंगाला झुकतो, खड्ड्यानंतरचे हेलकावे लवकर थांबत नाहीत. स्प्रिंग त्याच असतात, चाकेही तीच. शॉकमधले तेल गळलेले नसते, ते फक्त पातळ झालेले असते. किती पातळ झाले आणि त्याऐवजी कोणते भरावे, हे कागदावर काढता येते. नव्या स्प्रिंग किंवा नवे शॉक मागवण्याआधी हा हिशेब करून पाहणे फायद्याचे, कारण तेलाची बाटली त्यामानाने फारच स्वस्त पडते.

तेल नेमके काय करते?

स्प्रिंग धक्का साठवते, संपवत नाही. दाबली की ती तेवढ्याच जोराने उलट ढकलते. नुसत्या स्प्रिंगवरचा ट्रक म्हणूनच चेंडूसारखा उसळत राहील. ही ऊर्जा संपवायचे काम तेलाचे. शॉकच्या नळीत एक छोटा पिस्टन असतो आणि त्याला बारीक भोके असतात. चाक वर-खाली झाले की पिस्टन सरकतो आणि तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. या घर्षणात गतीची उष्णता होते आणि हेलकावा विझतो.

तेल जितके दाट, तितका विरोध जास्त. फार दाट तेल घातले तर चाक खड्ड्यावरून पटकन वर येत नाही आणि सगळा ट्रक उडतो. फार पातळ घातले तर उडीनंतरचा दणका चासीवर आणि प्लास्टिकच्या आर्मवर जातो. तुटतात ते याच ठिकाणी.

भोकांचा आकारही महत्त्वाचा आहे. संथ प्रवाहात विरोध भोकाच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार घटतो. भोक १० टक्के मोठे केले, तर ढोबळमानाने विरोध एक-तृतीयांशाने कमी होतो. म्हणून पिस्टन आणि तेल एकाच वेळी बदलू नये. कशाचा परिणाम काय झाला, ते कळत नाही.

‘३० वेट’ म्हणजे किती?

दाटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. शॉक ऑइलच्या बाटलीवर ती सेंटीस्टोकमध्ये दिलेली असते. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावावरून हे एकक आले. खोलीच्या तापमानाला पाणी साधारण १ सेंटीस्टोक, शेंगदाण्याचे तेल ७० च्या आसपास, तर एरंडेल ७०० च्या आसपास. ट्रकच्या शॉकमधले नेहमीचे तेल ३५० चे, म्हणजे या दोन तेलांच्या मधले.

‘वेट’चे आकडे मात्र सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. टीम असोसिएटेडचे ३० वेट म्हणजे ३५० सेंटीस्टोक, टीएलआरचे ३० वेट म्हणजे ३३८. ४० वेटला पहिलीचे ५००, तर दुसरीचे ५१६. त्यामुळे कंपनी बदलताना वेट न बघता सेंटीस्टोक बघावेत.

मोटारीच्या इंजिन ऑइलवरचा ‘३०’ तर वेगळ्याच मोजपट्टीवरचा आहे. ते तेल ४० अंशांना साधारण १०० सेंटीस्टोक असते आणि १०० अंशांना ११ च्या आसपास येते, म्हणजे नऊ पटींनी पातळ होते. तेवढ्याच फरकात सिलिकोन तेल अडीच पटींनीच पातळ होते. शॉकमध्ये सिलिकोन वापरतात ते याचसाठी. पण अडीच पट म्हणजे शून्य नव्हे.

उन्हाळ्याचा हिशेब

बाटलीवरचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो. एसी चालू असलेल्या घरात तो खरा, बाहेर नाही. सिलिकोन तेलाचे प्रचलित सूत्र वापरले, तर ३५० चे तेल वेगवेगळ्या तापमानांना साधारण असे वागते:

- १५ अंश: ४३०
- २५ अंश: ३५०
- ३५ अंश: २९०
- ४५ अंश: २४०
- ५५ अंश: २०५

जानेवारीत दोहाची रात्र १५ अंशांच्या आसपास असते. जुलैत दुपारचे सरासरी कमाल तापमान ४० च्या वर जाते. सूर्य मावळल्यावरही वाळू तापलेली असते, आणि पळताना तेल स्वतः आणखी गरम होते. त्यामुळे तेल ४५ अंशांवर जाणे अगदी साधी गोष्ट आहे. म्हणजे जानेवारीतले ४३० चे तेल जुलैत २४० वर येते. दाटपणा जवळजवळ निम्मा होतो.

आता गणित उलटे करू. २५ अंशांना ३५० च्या तेलावर ट्रक छान चालत असेल, तर तोच दाटपणा ३५ अंशांना मिळवायला ४२५ चे, ४५ अंशांना ५०० चे आणि १५ अंशांना २७५ ते २८५ चे तेल लागते. योगायोगाने टीम असोसिएटेडच्या बाटल्या २७५, ३५०, ४२५, ५०० अशाच पायऱ्यांनी मिळतात. त्यांची नावे २५, ३०, ३५ आणि ४० वेट. म्हणून लक्षात ठेवायला सोपा नियम असा: दर १० अंशांना एक पायरी. गरम झाले तर वर, थंड झाले तर खाली.

टोरांटोत बर्फावर ट्रक चालवणाऱ्यांना हाच नियम उलट्या दिशेने लागू होतो. उणे ५ अंशांना ३५० चे तेल ६८० च्या घरात जाते, म्हणजे जवळपास एरंडेलच. तिथे २०० च्या आसपासचे तेल बरे.

भरताना

हवी ती बाटली नसेल तर दोन तेले मिसळता येतात, पण साधी सरासरी धरू नका. २०० आणि ८०० चे समसमान मिश्रण ५०० चे न होता ४०० च्या आसपास होते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे.

तेल भरल्यावर पिस्टन हळूहळू वर-खाली करा आणि शॉक उभा ठेवून बुडबुडे निघून जाऊ द्या. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. आत राहिलेला बुडबुडा सगळा हिशेब बिघडवतो. वाळूत खेळून आल्यावर दांडा पुसायलाही विसरू नका. त्यावरचे कण आतल्या रबरी रिंगा खातात आणि गळती तिथूनच सुरू होते.

शेवटी परीक्षा. बॅटरी लावलेला ट्रक साधारण ३० सेंटीमीटर उंचीवरून सपाट सोडा. पोट जमिनीला जेमतेम टेकावे आणि ट्रक पुन्हा न उसळता आपल्या उंचीवर येऊन थांबावा. उसळला तर तेल पातळ आहे. धपकन बसून सावकाश वर आला तर दाट. ही परीक्षा मात्र बाहेर, ट्रक दहा मिनिटे पळवून झाल्यावर घ्या. एसीच्या गारव्यात घेतलेली परीक्षा २५ अंशांचीच राहील, आणि ट्रक पळणार आहे ४५ अंशांत.