शोधसाधने आणि आंतरग्रंथालयीन देवघेव : मराठी ग्रंथांच्या संदर्भात

संशोधकाला हवा असलेला ग्रंथ स्वतःच्या विद्यापीठात नसेल, तर तो अन्य ग्रंथालयाकडून मागवून देण्याच्या व्यवस्थेला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. या व्यवस्थेचा विचार बहुधा टपाल, मुदत आणि खर्च यांच्या अंगाने होतो. परंतु मागणीपत्र भरण्यापूर्वीच एक निर्णायक गोष्ट घडून गेलेली असते. ती म्हणजे ग्रंथाचा शोध. शोधाचे साधन बदलले की देवघेवीचे स्वरूपही बदलते. या बदलाचा लाभ मराठीच्या अभ्यासकाला कितपत मिळतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्डांच्या कपाटांच्या काळात ग्रंथालयाची तालिका मुख्यतः स्वतःच्या संग्रहापुरती असे. बाहेरच्या ग्रंथांची माहिती छापील सूचींतून मिळे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन भागांत अनुक्रमे १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. अमुक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, हे अशा सूचीवरून निश्चित होते. मात्र त्याची प्रत आज कोठून उसनी मिळेल, हे शोधण्याचे काम उरतेच.

संगणकीय संघ तालिकेने हे अंतर कमी केले. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९६७ साली स्थापन झालेल्या ओसीएलसी या संस्थेने अनेक ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र आणल्या. कोणता ग्रंथ कोणाकडे आहे, हे नोंदीबरोबरच कळू लागले. १९७९ मध्ये या तालिकेला मागणीची व्यवस्था जोडली गेली. मागणी करणारे ग्रंथालय पाच ग्रंथालयांची नावे क्रमाने देई आणि एकाने नकार दिला की मागणी पुढच्याकडे जाई. शोध व मागणी अशी जवळ आल्याने दोन गोष्टी घडतात. वाचकाला पूर्वी ठाऊकच नसलेल्या ग्रंथांची मागणी होऊ लागते, आणि ती मोठ्या संग्रहांपुरती न राहता लहान ग्रंथालयांकडेही वळते.

याउलट, जेथे संपूर्ण संहिताच पडद्यावर उपलब्ध होते, तेथे उसनवारीची गरज उरत नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली सुरू केलेल्या इन्फ्लिबनेटची ‘इंडकॅट’ ही संघ तालिका ग्रंथ कोठे आहे ते सांगते. तर ‘शोधगंगा’ प्रबंधच वाचावयास देते. परिणामी देवघेवीकडे प्रामुख्याने जुने, दुर्मीळ आणि अंकीकरण न झालेले ग्रंथ उरतात. मराठीच्या अभ्यासकाला नेमके हेच ग्रंथ हवे असतात, आणि साधनाची मर्यादाही येथेच जाणवते.

पहिली अडचण लिप्यंतराची. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील ग्रंथ अमेरिकन विद्यापीठांकडे जाऊ लागले. त्यांत मराठी ग्रंथही होते. त्यांच्या नोंदी रोमन लिपीत झाल्या. आपण ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव रोमनमध्ये ‘डी-एन’ या अक्षरांनी सुरू करतो. तेथील नियमानुसार ते ‘जे-एन’ने सुरू होते. ‘तुकाराम’ या नावाच्या शेवटी एक ‘ए’ अधिक येतो. दुसरी अडचण लेखनाची. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यामुळे ‘काही’ असा शोध घेणाऱ्याला ‘कांहीं’ असे छापलेले शीर्षक सापडेलच असे नाही. ‘कवि’ आणि ‘कवी’ यांचेही तेच. तिसरी अडचण नावांची. केशवसुत व कृष्णाजी केशव दामले, कुसुमाग्रज व वि. वा. शिरवाडकर ही नावे तालिकेत परस्परांशी जोडलेली नसतील, तर एकाच लेखकाचे ग्रंथ दोन ठिकाणी विखुरतात.

शोधात न आलेला ग्रंथ कोणी मागत नाही. न मागितलेला ग्रंथ निरुपयोगी समजला जातो आणि अडगळीत जाण्याचा धोका वाढतो. इकडे प्रबंधात त्याच ग्रंथापुढे ‘अनुपलब्ध’ असा शेरा पडतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र ग्रंथाची बाजू घेते. योग्य वाचकापर्यंत ग्रंथ पोहोचविण्याची जबाबदारी ते ग्रंथालयावर टाकते. तालिकेतील सदोष नोंद या सूत्राचाच भंग करते.

म्हणून तालिकीकरण हे केवळ कारकुनी काम मानणे योग्य नव्हे; ती देवघेवीची पहिली पायरी आहे. जुनी-नवी लेखनरूपे, टोपणनावे आणि देवनागरी शीर्षक यांची नोंद करण्यात मराठी विभागांतील अध्यापकांनी ग्रंथपालांना साहाय्य करावे. मार्गदर्शकांनीही ‘अनुपलब्ध’ हा शेरा मान्य करण्यापूर्वी विद्यार्थ्याने कोणकोणत्या रूपांनी शोध घेतला, हे विचारावे. पुष्कळदा ग्रंथ फडताळात असतो. फक्त आपण विचारलेले नाव त्याच्या नोंदीत नसते.