फिट, सूज आणि ड्रॉवरमधली पेनकिलर

डोकं दुखतंय? पेनकिलर. मान आखडलीय? पेनकिलर. डेडलाइनच्या आठवड्यात ऑफिसातल्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये एक पट्टी सापडतेच! म्हणूनच माझ्या मावसबहिणीचा प्रश्न मला अगदी लॉजिकल वाटला. ती राहते पनवेलजवळच्या गव्हाणला, नोकरी बेलापूरला. तिला एपिलेप्सी आहे आणि ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 'अगं, फिट आली की मेंदूत सूज येते म्हणे. मग सूज उतरवणारी गोळी घेतली तर मेंदू वाचेल ना?'

गंमत म्हणजे हाच प्रश्न मोठमोठ्या लॅबनाही पडलाय.

सूज कुठून येते?
फिट म्हणजे मेंदूतल्या असंख्य पेशींनी एकदम घातलेला विजेचा गोंधळ. तो खूप लांबला की पेशींमध्ये कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं आणि दाह भडकतो. स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मरतात, त्यामागचं हे एक कारण. पाय मुरगळल्यावर आपण घेतो त्या बऱ्याच गोळ्या हेच एन्झाइम अडवतात. म्हणजे काम फत्ते? थांबा!

उंदरांनी काय सांगितलं?
जर्मनीत हॅनोव्हरच्या संशोधकांनी लांबलेल्या फिटनंतर उंदरांना पॅरेकॉक्सिब हे कॉक्स-२ रोखणारं औषध दिलं. २०१० साली निष्कर्ष आले: पेशींचं नुकसान कमी झालं, पण पुढच्या फिट्स काही थांबल्या नाहीत. कॉक्स-२ रोखणाऱ्या औषधांचा दुसरा धोका तोवर जगाला कळला होता. हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या भीतीने व्हायॉक्स ही पेनकिलर २००४ मध्येच बाजारातून गेली. म्हणून अमेरिकेच्या एमरी विद्यापीठाने एन्झाइमच्या पुढची पायरी, ईपी-२ रिसेप्टर, अडवून पाहिली. २०१३ च्या या प्रयोगात जास्त उंदीर जगले, मेंदूची हानीही घटली.

माणसांमध्ये असे उपाय ठरावीक आजारांतच वापरतात. बाळांच्या इन्फंटाइल स्पॅझममध्ये एसीटीएच हे हार्मोन १९५८ पासून माहीत आहे. आपल्याकडे फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत गेलेली टेपवर्मची अळी. तिला मारणाऱ्या औषधाबरोबर सूज आवरायला डॉक्टर स्टेरॉइड देतात. पण हे सगळं न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली!

मग ड्रॉवरमधली गोळी?
फिटवर उपाय म्हणून नकोच. उलट ट्रॅमाडॉलसारख्या पेनकिलरने फिट येऊ शकते. ॲस्पिरिनमुळे व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. साध्या डोकेदुखीसाठीही आधी डॉक्टरांना विचारा.

हे ऐकून बहीण जरा हिरमुसली. पण मेंदू वाचवायचा खरा मार्ग आजही हाताशी आहे: फिट लांबू न देणं. रोजचा डोस चुकवायचा नाही, झोप मोडायची नाही. आणि शेजारच्या टेबलावरच्या एकाला तरी विश्वासात घ्यायचं. तिने ते केलंय.

तुम्ही शेजारच्या टेबलावर असाल तर...
- आधी घड्याळ बघा.
- आजूबाजूच्या खुर्च्या, टोकदार वस्तू हलवा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा.
- कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका.
- तोंडात चमचा नको, पाणी नको. कांदा-चप्पल हुंगवणं तर नकोच नको!
- ५ मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ फिरवा.