रक्त हवं, पण नातेवाईक कुठून आणायचे?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या तरुणाची बायको बाळंत होते. रक्तस्राव थांबत नाही, तीन पिशव्या लागतील असं डॉक्टर सांगतात. तो धावत रक्तपेढीच्या खिडकीशी जातो आणि तिथे अनेकदा पहिला प्रश्न येतो, ‘डोनर आणलाय का?’ भाऊ गावाकडे बीडला, खोलीतले चौघे शिफ्टवर आणि शिफ्ट सोडली तर रोजंदारी बुडणार. अशा वेळी माणसाला आपण या शहरात किती एकटे आहोत हे कळतं.

गंमत अशी की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात रक्त देणाऱ्यांची वाण नाही. स्वेच्छेने रक्त गोळा करण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि त्यात कारखान्यांतल्या शिबिरांचा वाटा मोठा आहे. भोसरी, आकुर्डी, चाकण, सगळीकडे कँटीनशेजारच्या हॉलमध्ये खाटा लागतात, बिस्किटं-कॉफी वाटली जाते आणि दोन तासांत शे-दीडशे पिशव्या भरतात. म्हणजे माणसं द्यायला तयार आहेत. अडतं ते कधी, कुणाला आणि कशाच्या बदल्यात द्यायचं यावर.

पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे 1998च्या 1 जानेवारीपासून बंद झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996च्या निकालाने धंदेवाईक रक्तदाते हद्दपार झाले. पण त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी ‘बदली’ रक्तदात्याने घेतली: एक पिशवी न्या, एक भरा. वरवर हा न्याय्य हिशोब वाटतो. वैद्यकीयदृष्ट्या तो धोक्याचा आहे. मेहुण्याचा जीव टांगणीला लागलेला असताना समोरच्या अर्जावरच्या प्रश्नांना कोण खरी उत्तरं देईल? महिन्यापूर्वी कावीळ झाली होती, जोखमीचे संबंध आले होते, असं भर गर्दीत नातेवाइकांसमोर कोण सांगेल? प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते हे खरं; पण संसर्ग नुकताच झाला असेल तर सुरुवातीच्या काही दिवसांत चाचणी तो पकडू शकत नाही. त्या काळात रुग्णाचं संरक्षण करतो तो रक्तदात्याचा प्रामाणिकपणा, आणि दबावाखाली तोच आधी जातो. म्हणूनच राष्ट्रीय रक्त धोरण 2002पासून बदली रक्तदान टप्प्याटप्प्याने थांबवा असं सांगतं.

मग शिबिरांत काय होतं? टिफिन, बॅग, कधी हेल्मेट. नियमांना आमिष मान्य नाही; ‘स्मृतिचिन्ह’ म्हटलं की ते चालून जातं. यावर जगात बराच खल झाला आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी 1970मध्ये मांडलं होतं की रक्ताला किंमत लावली की देण्याची ऊर्मीच कमी होते. पुढे स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी हे तपासून 2008मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. रक्तदाता होण्यासाठी काहीही न देता विचारलं तेव्हा 52 टक्के स्त्रिया तयार झाल्या. थोडे पैसे देऊ केले तेव्हा 30 टक्के. तेच पैसे हवं तर लहान मुलांच्या कर्करोगासाठी द्या असं सांगितल्यावर आकडा पुन्हा 53 वर गेला. पुरुषांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. स्वीडनचा निष्कर्ष चाकणला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी हेल्मेट वाटण्यापूर्वी आयोजकांनी तो एकदा वाचावा.

खरी अडचण पंचांगाची आहे. आपली शिबिरं 26 जानेवारीला, जयंत्यांना, नेत्यांच्या वाढदिवसांना होतात. नेहमीच्या द्रावणातल्या पिशवीतलं रक्त 35 दिवस टिकतं, विशिष्ट द्रावणात ठेवलेल्या तांबड्या पेशी 42 दिवस. प्लेटलेट्स जेमतेम पाच. प्रजासत्ताकदिनी दिलेली पिशवी मार्चच्या सुरुवातीला बाद होते. मे महिन्यात कामगार गावी, कॉलेजं बंद, आणि तेव्हाच तुटवडा. दिवाळीतही तेच. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्याला सुट्टी नसते. एकाच दिवशी हजार पिशव्या जमवण्याचा विक्रम रुग्णाच्या काही उपयोगाचा नाही.

शिबिरातून परत पाठवल्या जाणाऱ्यांविषयीही बोललं पाहिजे, कारण तिथे बरेच रक्तदाते कायमचे गमावले जातात. रांगेत पाऊण तास उभं राहिलेल्या मुलीला ‘हिमोग्लोबिन कमी आहे, जा’ एवढंच सांगितलं जातं. रक्तदानाला 12.5 ग्रॅम लागतं, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हा तिचा अपमान नव्हे, आजाराचं निदान आहे. तिच्या हातात लोहाच्या गोळ्या आणि तीन महिन्यांनंतरची तारीख द्यायला हवी. उपवास असलेल्यांना घेता येत नाही. रात्रपाळी करून पुरेशी झोप न झालेल्यालाही नाही. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरने रक्त दिल्यावर पुढची ड्युटी किमान 24 तासांनी सुरू करायची असते. ट्रकच्या रांगा लागणाऱ्या या पट्ट्यात हा नियम किती चालकांच्या कानावर गेला असेल?

अशक्तपणाची भीती अजून आहे, विशेषतः अंगमेहनत करणाऱ्यांत. शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असतं, पिशवीत जातं 350 किंवा 450 मिलिलिटर. त्यातला द्रवभाग दिवस-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोहाला आणखी जास्त. म्हणून पुरुषांना 90 दिवसांचं आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर. त्या दिवशी जड काम नको, हे मात्र खरं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रक्तदानासाठी पगारी रजा मिळते. कंत्राटी कामगार रक्त देऊन पुन्हा मशीनवर उभा राहतो.

आणखी एक सल सगळ्यांना असते: ‘आम्ही फुकट दिलं, मग पैसे कसले घेता?’ पैसे रक्ताचे नसतात. पिशवी, चाचण्या, घटक वेगळे करणं, साठवण यांचा तो खर्च आहे आणि त्यावर मर्यादा आहे. 2022च्या दरांनुसार तांबड्या पेशींच्या पिशवीला सरकारी रक्तपेढी 1100 आणि खासगी 1550 रुपयांपर्यंत आकारू शकते. जादा विशेष चाचण्या केल्या तर त्यांचं वेगळं. प्रत्येक ओळीचा हिशोब पावतीवर मागून घ्यावा. हे कुणी नीट समजावत नाही आणि संशय वाढत जातो. मग माणूस रक्तदात्याचं कार्ड बँकेच्या पासबुकासारखं जपून ठेवतो: मी दिलंय, माझ्या घरच्यांना मिळालंच पाहिजे. या हिशोबात ज्याचं कुणीच नाही त्याच्या नावावर काहीच जमा नसतं.

कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांना यात करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला फार खर्च नाही. वर्षातून एक मोठं शिबिर घेण्याऐवजी विभागवार चार छोटी, त्यातलं एक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, लोक गावी निघण्यापूर्वी. दिवसपाळीच्या आधी नाश्ता. कंत्राटी कामगाराला त्या दिवशीची भरपगारी सवलत. आणि तारीख ठरवण्याआधी जवळच्या रक्तपेढीला एक फोन: सध्या कोणत्या गटाचं किती रक्त शिल्लक आहे?